रडायला येऊ नये, ही विनंती

लोकांची मनं शांत करायचं व्रत घेतलेल्या माणसानं बसायला जागा निवडावी तर कुठली? आमच्या श्रीपतराव भोयरांनी वाशीमच्या कोर्टाचं आवार निवडलं होतं. तिथं येणारा प्रत्येक माणूस भांडून आलेला असे आणि भांडण पुढं न्यायलाच आलेला असे. श्रीपतराव अर्जनवीस. ज्याला लिहिता येत नाही, किंवा लिहिता येतं पण सरकारी भाषेत गाऱ्हाणं मांडता येत नाही, त्याचा अर्ज ते लिहून देत. कडुलिंबाच्या झाडाखाली त्यांची पेटी, आणि पेटीला पेटी लावून माझी. मी स्टँपपेपर विकत असे. सन सत्तरच्या आसपास मी तिथं बसायला लागलो आणि ते दशक संपेपर्यंत ह्या माणसाचा शेजार सोसला. सोसला असंच म्हणतो. ज्यानं कडुलिंबाखाली बसून वर कडुलिंबाचाच रस पिणारा शेजारी कधी पाहिला नाही, त्यानं माझ्याशी वाद घालू नये.

अंगानं काटकुळे. खादीचा सदरा, खिशात तुळशीची पानं, आणि कपाळावर वाळलेल्या काळ्या मातीचा थर. ती माती सकाळी थापलेली असे; ती धुवायची असते हे त्यांना ठाऊक असावं, पण लोकांनी विचारावं म्हणून ठेवत असावेत. लोक विचारतही. मग संपलं. नवा माणूस अर्धा तास हलत नसे.

कुठल्याशा आश्रमात काही दिवस राहून आले होते, तेव्हापासून ही लागण. त्यांचा सिद्धांत असा, की सगळे रोग मनातून निघतात आणि मनाचे शत्रू चार: चहा, मीठ, बडबड आणि अश्रू. पहिल्या दोघांना त्यांनी घरातून हाकललं होतं. तिसरा त्यांच्या स्वतःच्या तोंडी मुक्कामाला होता, पण त्याला ते 'मार्गदर्शन' म्हणत. बोलायचे छापील. वऱ्हाडात जन्म गेला, पण तोंडून 'मले-तुले' निघालं तर प्राणशक्ती बाटेल अशी भीती.

मंगरूळकडचा एक कास्तकार तापून आला होता. पागोटं सुटलेलं, पाय धुळीनं भरलेले.

"लिवा सायेब. त्यानं मले चपलीनं मारलं. भर बाजारात."

"आधी डोळे मिटा," श्रीपतराव म्हणाले.

"कायले?"

"श्वास घ्या."

"घेऊनच राह्यलो ना बाप्पा. मेलो थोडाच."

"मंद घ्या. मन स्थिर झाल्याशिवाय मी लेखणी उचलत नसतो."

त्यानं माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, "घे बाबा, फुकट हाय." बिचाऱ्यानं डोळे मिटले. आणि तो श्वास मोजत बसला तोवर ज्यानं चप्पल मारली तो समोरच्या अर्जनवीसाकडून अर्ज लिहून घेऊन, मला स्टँपचे पैसे देऊन, आत जाऊन दाखल करूनही आला. माझ्या शेजाऱ्याच्या कृपेनं पहिली फिर्याद मार खाणाऱ्यावरच गेली. श्रीपतरावांना त्याचं काही नाही. म्हणाले, "पण चेहरा पाहा, किती प्रसन्न झाला." तो चेहरा मी पाहिला होता. तो प्रसन्न नव्हता, त्याला झोप लागली होती.

त्यांच्या मातीचीही तऱ्हा होती. साधी माती चालत नसे. नांगर न लागलेली हवी. आता आमच्या भागात नांगर न लागलेली जमीन म्हणजे धुरा, दोन वावरांमधला बांध. आणि धुरा म्हणजे काय, हे वऱ्हाडात शेंबड्या पोराला विचारा. इथं सख्खे भाऊ वीतभर धुऱ्यासाठी कोर्टात जातात. ह्याच अर्जनवीसानं शेकड्यानं धुऱ्याचे अर्ज लिहिलेले. तरीही हा माणूस अनसिंगच्या रस्त्यावर दोन भावांच्या वादातल्या धुऱ्यावर भरदुपारी फावडं आणि टोपलं घेऊन उतरला. का, तर त्याच धुऱ्याचा अर्ज लिहिताना धाकट्या भावानं सांगितलं होतं, की तिथली माती लोण्यासारखी हाय.

थोरल्याला वाटलं, धाकट्यानं माणूस लावून धुरा कोरायला काढला. धाकट्याला वाटलं, थोरल्यानं. दोघं दोन बाजूंनी बैल हाकायची तुतारी घेऊन धावले. श्रीपतराव मध्ये. "बंधूंनो, ही माती मनाचा दाह शमवते," असं ते म्हणाले म्हणतात. मग ते पळाले, आणि चार वर्षं एकमेकांचं तोंड न पाहिलेले दोघे भाऊ एकाच रस्त्यानं त्यांच्या मागं पळाले. अनसिंगच्या स्टँडवर लोकांनी सोडवलं. दोघा भावांनी तिथंच एका बाकावर बसून चहा घेतला आणि दावा आपसात मिटवला. दुसऱ्या दिवशी श्रीपतराव लंगडत आले, टोपलं खाली ठेवलं आणि म्हणाले, "मृत्तिकाचिकित्सेचा सामूहिक प्रयोग. यशस्वी." मला एक गिऱ्हाईक कमी झालं, त्यांना एक. मी शिव्या दिल्या. त्यांनी मला तुळशीचं पान दिलं.

इथवरचं सगळं हसण्यावारी नेण्यासारखं होतं आणि आम्ही नेतही होतो. आता शकूचं सांगतो.

शकू म्हणजे त्यांची एकुलती एक लेक. पुसदकडे दिलेली. पहिल्या बाळंतपणात गेली, लेकरूही गेलं. निरोप येऊन हे दोघं पोचेपर्यंत तिकडच्यांनी सगळं आटोपलेलं होतं. आईला लेकीचं तोंडही दिसलं नाही. श्रीपतरावांनी त्याच दिवशी बायकोला परतीच्या गाडीत बसवलं आणि घरी आणून मौन दिलं. होय, मौन. जसा कुणी काढा देतो तसा.

त्यांची बायको वच्छलाबाई. आम्ही एकाच गल्लीतले, त्यामुळे ही बाई आधी कशी होती ते मला चांगलं माहीत. ती भाजीवाल्याशी घासाघीस करायला लागली की आख्ख्या गल्लीला वांग्याचा भाव कळे. नवऱ्याला तोंडावर 'वैदूबुवा' म्हणे. चहा बंद झाला तेव्हा आमच्याकडे येऊन पीत असे, आणि जाताना तोंडात तुळस टाकून जात असे, वास येऊ नये म्हणून. अशा बाईला मौन.

आमच्याकडे कुणी गेलं की बाया रडायला येतात. ही रीत आहे. नात्यातल्या, गावातल्या, परगावच्या, गटागटानं येतात, घरच्या बाईच्या गळ्यात पडतात, मोठ्यानं रडतात, तिलाही रडवतात. मग शेजारपाजारचे भाकरी-पिठलं आणतात, चूल बंद असलेल्या घरी कडू घास म्हणून ते बळंच खाऊ घालतात. कुणी शिकवलेलं नाही, कुणाला विचारायचं नाही. श्रीपतरावांनी ह्या रीतीला बंदी घातली. नातेवाइकांना कोपरा फाडलेली कार्डं गेली. त्यातलं एक नंतर मी वाचलं. अर्ज लिहून लिहून हात तसाच वळलेला: 'आमची कन्या सौ. शकुंतला बाळंतपणात निवर्तली. रडण्याने प्राणशक्तीचा अपव्यय होऊन मनःशांतीस बाध येतो. सबब कोणीही रडायला येऊ नये, ही विनंती.' आणि खाली सवयीनं 'अर्जदार' लिहून सही.

नातेवाईक आले नाहीत. असं कार्ड गेल्यावर कोण येईल? लोकांनी आयुष्यात अपमान पुष्कळ सोसलेले असतात, पण रडायलाही येऊ नका हा कुणी ऐकलेला नव्हता. गल्लीतल्या बाया गेल्या तर श्रीपतराव दारात उभे. प्रत्येकीच्या हातावर पळीभर कडुलिंबाचा रस, आणि "घरात शांतता आहे, ती राखा." माझी बायको अनसूया तो रस पदरात थुंकून परत आली. दोन दिवस माझ्याशीसुद्धा बोलली नाही, जसं काही मीच तो पाजला.

वर्ष गेलं. पहाटे दवातून अनवाणी चालणं, मग रस, मग पोटावर माती, दुपारी बिनमिठाचं वरण. वच्छलाबाई सगळं करत. सांगितलं तसं करत. आणि श्रीपतराव झाडाखाली बसून गिऱ्हाइकांना सांगत, "आमच्या घरचंच उदाहरण पाहा. पोटची पोर गेली. वर्ष झालं, डोळ्यांतून टिपूस नाही." मला राग येई. आजही येतो. स्वतःचं उपचारसत्र त्यांनी वाढवलं होतं. कपाळाची माती आता डोळ्यांवर उतरली होती. दुपारच्या सुट्टीत झाडामागं आडवे होत आणि दोन्ही डोळ्यांवर दोन गोळे थापत. गोळे नीट बसत नसत, गालांवर काळे ओघळ येत. मी म्हणे, "श्रीपतराव, इतकी वर्षं माती खाता, पण कालवता येत नाही." ते म्हणत, "उष्मा आहे." माघ महिन्यात कसला उष्मा, पण आपण कशाला विचारायचं.

एकदा कारंज्याचा एक सोनार आला. भाच्यानं फसवलं म्हणून नुसता थरथरत होता. श्रीपतरावांना झाडाखालचं मार्गदर्शन अपुरं वाटलं. म्हणाले, "चला, तुम्हाला शांतीचं दर्शन घडवतो." आणि त्याला घरी नेलं. मलाही ओढलं.

वच्छलाबाई ओसरीवर बसल्या होत्या. मांडीवर सूप, सुपात तुरीची डाळ. आम्ही आलो तरी मान वर नाही.

"पाहा," श्रीपतराव सोनाराला हळू आवाजात म्हणाले, देवळात बोलतात तसं. "कसलीही खळबळ नाही."

सोनारानं हात जोडले. मी मात्र सुपात पाहत होतो. डाळीत एकही खडा नव्हता. बाई एक चांगला दाणा उचलत होती, बाजूला ठेवत होती, आणि थोड्या वेळानं तोच उचलून परत डाळीत टाकत होती. काहीतरी बोलायचं म्हणून मी म्हटलं, "वहिनी, पानी मिळन काय?" त्या उठल्या. आत गेल्या. गडू आणून माझ्या हातात दिला आणि समोर उभ्या राहिल्या.

गडू रिकामा होता. मी तो तसाच तोंडाला लावला आणि प्यायल्यासारखं केलं. त्यांनी तो परत घेतला आणि पुन्हा सुपाशी जाऊन बसल्या. नवरा सोनाराला मनाच्या पाच अवस्था समजावून सांगत होता. त्याला हे दिसलं नाही.

घरी येऊन अनसूयेला सांगितलं. ती भाकर थापत होती, तिचा हात थांबला.

"ते म्हनते शांत झाली," मी म्हटलं.

"शांत? इझून राह्यली ते. असीच बसून बसून एक दिवस सुपावरच मान टाकन, अन् हा मानूस त्याले बी समाधी म्हनन." तिनं तवा उतरवला. "तिले पाला नाई पाह्यजे. तिले कोनाचा तरी गया पाह्यजे, गयात पडून रडाले."

दुसऱ्या सकाळी ती मानोऱ्याच्या गाडीत बसली. मानोऱ्यापुढच्या एका गावात वच्छलाबाईंची थोरली बहीण, पार्वताबाई. ते कार्ड मिळाल्यापासून बहिणीचं नाव टाकलेली. त्यांच्यात काय बोलणं झालं ठाऊक नाही. पण रविवारी दुपारी, कोर्ट बंद, मी ओट्यावर बसलेलो, तर स्टँडकडून अनसूया येताना दिसली. मागं पार्वताबाई, आणि त्यांच्या मागं चार-पाच बाया.

पार्वताबाई म्हणजे धिप्पाड बाई. येताना मोठमोठ्यानं कंडक्टरचा उद्धार चालला होता, मधेच कुणीतरी काही बोललं त्यावर हसल्या. तंबाखू मळत होत्या. गल्लीच्या तोंडाशी आल्या, तंबाखूची डबी अनसूयेच्या हातात दिली, डोईवरून पदर ओढला, आणि तिथून त्यांनी हंबरडा फोडला. मागच्या बायांनी एकमेकींच्या खांद्यावर हात टाकून तो उचलला. मला हसू यायला हवं होतं. आलं नाही.

श्रीपतराव दारात आले. हातात रसाचा पेला.

"बाई, आवाज खाली. प्राणशक्ती..."

"भाऊजी, बाजूले व्हा," पार्वताबाई म्हणाल्या. रडणं एक क्षण थांबवून, अगदी सरळ आवाजात. "वर्स झालं. आमचं रडनं तुमी अडवून ठेवलं. कोर्टाचा मनाईहुकूम हाय काय तुमच्यापासी?"

अर्जनवीसानं पेला खाली केला. ते बाजूला झाले. बाया आत गेल्या आणि पार्वताबाईंनी जागच्या जागी जुळवत रडायला सुरुवात केली:

"माये शके व, तुया मावसीले कार्ड धाडलं व... येऊ नोको म्हनून धाडलं व... तुयं तोंड नाई पाह्यलं व माये, तुयं लेकरू नाई पाह्यलं व..."

ओसरीच्या बाहेर मी उभा. वच्छलाबाई सुपाशी तशाच बसलेल्या, दाणा हातात धरलेला. बहीण येऊन समोर बसली, तिनं सूप बाजूला सारलं आणि दोन्ही हातांनी त्यांचं तोंड धरलं. मग वर्षभर न उघडलेल्या त्या तोंडातून आवाज आला, घोगरा, ओळखू न येणारा.

"बाई, लय उशीर केला व."

आणि मग ती बाई जी रडली. भांडी वाजावीत तशी आधी नुसती हादरली, मग आवाज फुटला. शकूचं नाव घेऊन, नवऱ्याचं नाव घेऊन, त्या गाडीचं नाव घेऊन जिनं तिला त्याच दिवशी परत आणलं. उन्हं उतरेपर्यंत चाललं. सगळ्या गल्लीतल्या, रस पाजून परत पाठवलेल्या बाया येऊन बसल्या आणि आपापलं वर्षभराचं थकलेलं रडून घेतलं. संध्याकाळी घराघरातून पिठलं-भाकर आली. ज्या माणसानं वर्षभर कडू पाजलं, त्याच्या घरात कडू घास त्या दिवशी पहिल्यांदा शिरला. वच्छलाबाईंनी घास घेतला, आणि म्हणाल्या, "मीठ द्या व कोनी."

श्रीपतराव कुठं होते? परसात. बाजेवर आडवे, डोळ्यांवर दोन मातीचे गोळे. बायकोचा जीव परत येत होता आणि ह्यांची उपचाराची वेळ झालेली. मी मनातल्या मनात त्यांना असं काही बोललो की ते इथं लिहिता येणार नाही.

दुसऱ्या दिवशी झाडाखाली आले, पेटी उघडली, आणि समोरच्या गिऱ्हाइकाला सांगू लागले, "निसर्गोपचारात ह्याला उसळी म्हणतात. आत साठलेला विकार उपचारानं वर येतो. आमच्या घरी कालच आली. वर्षभराच्या साधनेचं फळ." मी स्टँप मोजत होतो. मोजणी चुकली. कौतुक करावं तर ह्या माणसाच्या तोंडाचं. माणूस बुडत्याला तळाशी धरून ठेवील आणि दुसऱ्यानं वर काढला की म्हणेल, पाहा, मी त्याला श्वास धरायला शिकवलं होतं.

वच्छलाबाई मात्र उठल्या. हळूहळू, आठ-पंधरा दिवसांनी वांग्याचा भाव पुन्हा गल्लीला कळायला लागला. चहाचं पातेलं चुलीवर चढलं, उघडपणे. पार्वताबाई दर महिन्या-दोन महिन्यांनी येत, दोघी बहिणी बसून आधी थोडं रडत आणि मग पुष्कळ हसत. कडुलिंबाचा रस रोज निघे, कारण श्रीपतराव काढत, आणि रोज जास्वंदीच्या बुडाशी जाई. जास्वंद वाळली. श्रीपतरावांचं म्हणणं, तिच्या मनातच काहीतरी असेल.

पुढं मुलाला अकोल्यात नोकरी लागली आणि मी पेटी मोडून तिकडं जायचं ठरवलं. आदल्या दिवशी दुपारी निरोप घ्यायला गेलो. वच्छलाबाई चुलीपाशी होत्या. म्हणाल्या, परसात हायेत, जा.

बाजेवर नेहमीसारखे आडवे. डोळ्यांवर दोन गोळे. मी जवळ जाऊन उभा राहिलो. दोन्ही गोळ्यांच्या कडेनं पाणी निघत होतं आणि कानशिलांवरून खाली चाललं होतं. सदऱ्याची कॉलर भिजली होती. उन्हाचा पत्ता नव्हता, डोक्यावर सावली होती. ओठ घट्ट मिटलेले आणि छाती आतल्या आत हलत होती, आवाज न करता. इतकी वर्षं झाडामागं हेच चाललं होतं आणि मी त्या मातीची चेष्टा करत होतो.

तोंडातून नेहमीचंच निघालं.

"श्रीपतराव, माती पातळ झाली आज."

ते पडल्या पडल्याच म्हणाले, आणि तेही छापील नाही, "रोजच होते गा."

मागून वच्छलाबाई आल्या. एका हातात माझा चहा, दुसऱ्या हातात वाटी. कप माझ्यापुढं केला. बाजेच्या कडेवर टेकल्या, भिजलेले गोळे काढून टाकले, आणि पदरानं त्यांचा चेहरा पुसला. तेवढ्यापुरते ते उघडे डोळे मला दिसले. मी चहात पाहायला लागलो. मग त्यांनी वाटीतली माती घेतली, घट्ट कालवलेली, आणि दोन्ही डोळ्यांवर बोटांनी नीट, कडेपर्यंत बसवून दिली.

"हं," त्या म्हणाल्या. "आता करा तुमचं मौन."